शाळेची पत

विदर्भाच्या उन्हामुळें आमच्या इकडील शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यापूर्वींचे पंधरा-वीस दिवस आर्वीसारख्या गांवीं एकाच प्रश्नाच्या चर्चेंत जातात. मुलगा पांचवी झाला, मुलगी पांचवी झाली. आतां सहावीस कोठें घालावयाचें? घराजवळ सार्वजनिक शाळा आहे. तेथें फी नाहीं, पुस्तकें मिळतात, दुपारचें जेवण मिळतें. पण एक शेजारी म्हणतो, "त्या शाळेचें नांव पूर्वींसारखें राहिलें नाहीं." दुसरा म्हणतो, "छे, दोन वर्षांपासून तेथें पुन्हां बरें शिकवितात." आणि तिसरा, ज्याचें मूल कोणत्याच शाळेंत नाहीं, तो या दोघांहून अधिक ठामपणें तिसरेंच कांहीं सांगतो. आईबाप सर्वांचें ऐकतात, आणि शेवटीं ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें मानून मोकळे होतात.

ही गोष्ट ज्याच्या त्याच्या घरची आहे, वर्तमानपत्रानें तींत कशास पडावें, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. मूल कोठें घालावें हें घर ठरवितें हें खरें. पण अशा शंभर घरांचे निर्णय एकत्र झाले म्हणजे गांवाची शाळा जगते किंवा मरते. म्हणून या 'नांवा'चा हिशेब एकदां उघडपणें मांडणें अवश्य आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. पत म्हणजे काय, हें त्यांस सांगावयास नको. बाजारांत एखाद्या पेढीविषयीं कुजबुज सुरू झाली, कीं ठेवीदार आपापल्या ठेवी मागूं लागतात. सगळ्यांनीं एकदम मागितल्या म्हणजे चांगली चाललेली पेढीही बसते. मग कुजबुज करणारे म्हणतात, "पाहा, आम्ही सांगत होतों तेंच झालें." शाळेचेंही हुबेहूब असेंच होतें. फरक इतकाच कीं, पेढी बसल्याची खबर दुसऱ्या दिवशीं लागते. शाळा बसल्याची खबर मुलें मोठीं होऊन हिशेबांत चुकूं लागल्यावर लागते.

ही केवळ उपमा नव्हे; कायद्याची रचनाच तशी आहे. बालकांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणें सहावी ते आठवीच्या वर्गांत दर पस्तीस मुलांमागें एक शिक्षक पाहिजे. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रें आणि भाषा यांस निदान एकेक शिक्षक पाहिजे. पट शंभराच्या वर असेल तर पूर्ण वेळचा मुख्याध्यापक, आणि चित्रकला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांसाठीं अर्धवेळ शिक्षक यांचा हक्क त्या शाळेस मिळतो. महाराष्ट्रांत शिक्षकांचीं पदें ठरतात तीं संचमान्यतेंत, आणि संचमान्यतेचा पाया म्हणजे पट. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें तिचे निकष बदलले, तेव्हांपासून कमी पटाच्या शाळांतील पदांवर टांगती तलवार आली आहे.

आतां साखळी पाहावी. दहा सुखवस्तु घरांनीं मुलें काढलीं, पट घसरला. पट घसरला म्हणून एक पद गेलें. पद गेलें म्हणून गणिताच्या शिक्षकाकडे इतिहासही आला आणि मधल्या तासांस वर्ग रिकामा बसूं लागला. पुढच्या जूनमध्यें आणखी वीस घरें म्हणालीं, "तेथें शिकवावयासच कोणी नाहीं." त्या वेळीं तें खरेंही असतें. पण तें खरें होण्यास पहिल्या दहा घरांचा हातभार लागलेला असतो, ही गोष्ट कोणाच्याही खतावणींत लिहिली जात नाहीं.

या साखळीचें शेवटचें टोंक कोठें आहे, तेंही दिसूं लागलें आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षणखात्यानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार मांडला, तेव्हां अशा शाळांची संख्या १४,७८३ आणि त्यांतील मुलांची संख्या १ लाख ८५ हजारांवर असल्याचें जाहीर झालें. आर्वीकरांस याचा अर्थ समजावून देण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. पुलगांवाहून आर्वीस येणारी अरुंद मापाची छोटी रेल्वे १९१७ सालीं सुरू झाली. ती थांबून बरींच वर्षें झालीं, आणि तेव्हांपासून ती पुन्हां चालू व्हावी म्हणून अर्ज, निवेदनें व शिष्टमंडळें चालूच आहेत. सार्वजनिक सोय हातची जाऊं देणें सोपें, ती परत आणणें किती कठीण, हें या गांवास कोणीं शिकवावें?

आणि ज्या शाळेकडे पाहून आज आपण नाक मुरडतों, ती कोणीं फुकट पदरांत घातलेली नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन, बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९११ मध्यें सक्तीच्या शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेकौन्सिलांत मांडलें. पुढच्या वर्षीं तें तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं फेटाळलें गेलें. आमच्या मध्यप्रांतांत १९२० सालीं कायदा होऊन, आपल्या हद्दींत शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा स्थानिक संस्थांस मिळाली. आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं, वर्ध्यास, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें शिक्षण मोफत, सक्तीचें, मातृभाषेंतून आणि हातच्या कामाच्या आधारानें द्यावें, असें तींत ठरलें, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली. पुढें १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगानें शेजारशाळेची कल्पना पुढें मांडली. एका वस्तींतील सर्व मुलांनीं, तीं अडत्याचीं असोत वा हमालाचीं असोत, एकाच शाळेंत शिकावें, हें तिचें सार होतें. शंभर वर्षें ज्या हक्कासाठीं मोठमोठीं माणसें झगडलीं, तो बाजारगप्पांवर सोडून द्यावा काय, हा आमचा प्रश्न आहे.

मात्र सर्व दोष आईबापांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. ऑक्टोबर २०११ मध्यें राज्यभर एकदम पटपडताळणी झाली, तेव्हां हजेरीपटावर नांव आहे पण वर्गांत मूल नाहीं, असे प्रकार जागोजाग उघडकीस आले. त्यानें लोकांच्या विश्वासास मोठा तडा गेला. २०१२ पासून शिक्षकभरती कित्येक वर्षें अडून राहिली. त्याच सालीं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला, आणि तालुक्याच्या गांवांत इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरूं लागल्या. सार्वजनिक शाळेंतील शिक्षक मात्र निवडणुकीच्या याद्या आणि ऑनलाइन माहितीचे तक्ते भरीत बसला. मुलास इंग्रजी आलें तर त्याला पुढें नोकरीधंद्याचें दार उघडेल, असें ज्या बापास वाटतें, तो मूर्ख नाहीं. त्यानें आपल्या मुलाचें हित पाहिलें. सरकारनें त्याच्या मुलाची शाळा पाहिली नाहीं. हा दोष सरकारचा आहे, आणि तो आम्ही स्पष्टपणें सरकारच्या पदरीं घालतों.

सार्वजनिक शाळेच्या नांवाचें काय झालें आहे, याचा दाखला २०२४ सालच्या एका वादानें दिला. खाजगी विनाअनुदानित शाळांनीं पंचवीस टक्के जागा दुर्बळ घटकांतील मुलांस द्याव्या, असें कायदा सांगतो. राज्यसरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेस यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जुलै महिन्यांत हा बदल रद्द केला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. पण त्या वादांत एक गोष्ट लपून राहिली नाहीं. "तुमच्या जवळ सरकारी शाळा आहे, तेथें जा," हें वाक्य गरीब आईबापांस सोयीचें न वाटतां शिक्षेसारखें वाटलें. ज्या देशांत जवळची शाळा ही शिक्षा वाटूं लागते, तेथें दोष केवळ शाळेच्या भिंतींत शोधून भागणार नाहीं.

आतां उलट बाजू पाहूं. कित्येक ठिकाणीं शाळेचें नांव पुन्हां वर येत आहे असें ऐकूं येतें. त्याचाही हिशेब सावधपणें केला पाहिजे. ग्रामीण शिक्षणाची 'असर' नांवाची जी पाहणी होत असते, तिच्या आंकड्यांप्रमाणें देशाच्या खेड्यांतील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं सरकारी शाळांत २०१८ सालीं शेंकडा ६५.६, २०२२ सालीं ७२.९ आणि २०२४ सालीं ६६.८ मुलें होतीं. मध्यें करोनाची साथ आली होती. घरोघरीं मिळकत घटली, खाजगी शाळांच्या फीचा भार झेपेनासा झाला. परत आलेलीं बहुतेक मुलें अडचणीमुळें आलीं, आणि अडचण सरल्यावर गेलीं, असेंच यावरून दिसतें. तेव्हां पट वाढला एवढ्यावरून शाळा सुधारली म्हणूं नये, आणि पट घटला एवढ्यावरून ती बिघडली असेंही म्हणूं नये. आंकडा हा आईबापांच्या मनाचा असतो, शिकविण्याचा नव्हे.

खरी सुधारणा कशी असते, याचें एक उदाहरण पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांतील जालिंदरनगर येथें घडलें. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत अवघीं तीन मुलें उरलीं होतीं आणि ती बंद पडण्याच्या बेतांत होती. एका शिक्षकाचा पुढाकार व गांवकऱ्यांचें साह्य यांच्या बळावर थोड्याच वर्षांत पट सुमारें एकशेंवीसवर गेला, आणि २०२५ सालीं जगांतील उत्तम शाळांस दिल्या जाणाऱ्या एका बक्षिसांत लोकमताचा बहुमान त्या शाळेस मिळाला. येथें बक्षिसापेक्षां क्रम महत्त्वाचा आहे. आधीं शिकविणें सुधारलें, मग गांव जवळ आलें, मग पट वाढला, आणि नांव सर्वांच्या शेवटीं आलें. आमचे लोक मात्र नांवापासून आरंभ करितात.

मग आईबापांनीं करावें काय? जें कापूस घेतांना करतात तेंच. गाडी उभी राहिली म्हणजे कोणताही व्यापारी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भाव बोलत नाहीं. तो बोंडांतला कापूस हातांत घेतो, धागा ओढून पाहतो, ओल तपासतो. शाळेचीही पारख तशीच करावी. एक दिवस दुकान तासभर उशिरां उघडावें आणि शाळेंत जावें. सहावीच्या मुलास त्यानें पूर्वीं न पाहिलेला परिच्छेद वाचावयास द्यावा. तीन आंकडी संख्येस एका आंकड्यानें भागावयास सांगावें. हें गणित तिसरी-चौथीचें आहे. सहावींत तें अडलें तर पुढचें बीजगणित म्हणजे वाळूवरची भिंत. वह्या उघडाव्या आणि चूक दाखवून दुरुस्त करून घेतली आहे, कीं नुसती लाल खूण आहे, तें पाहावें. मंजूर पदें किती व भरलेलीं किती, हें मुख्याध्यापकांस विचारावें. मुलींच्या संडासांत पाणी आहे काय, तेंही पाहावें. आठवीच्या वर्गांत मुली किती टिकतात हें पुष्कळदां त्यावर ठरतें. आणि हेच प्रश्न, अगदीं याच शब्दांत, फी घेणाऱ्या शाळेसही विचारावे. गणवेष, गाडी आणि इंग्रजी पाटी यांनीं मोहून जाऊन तेथें परीक्षा न घेणें आणि सार्वजनिक शाळेस मात्र न पाहतां नापास करणें, हा न्याय नव्हे.

व्यापारी वाचकांनीं ध्यानांत धरावी अशी आणखी एक गोष्ट आहे. २००९ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिति असावी लागते. तिचे तीनचतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप वा पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर देखरेख करणें, विकासाचा आराखडा तयार करणें, आणि मिळालेलें अनुदान कसें खर्च होतें तें पाहणें, हीं तिचीं कामें. विनाअनुदानित खाजगी शाळेस हें कलम लागू नाहीं. तेथें शिक्षक-पालक संघास फीच्या कायद्यानें फीपुरतें बोलतां येतें, पण कारभार संस्थेचा. म्हणजे तेथें पालक गिऱ्हाईक आहे, आणि येथें तो भागीदार आहे. पण हा भागीदार वर्षानुवर्षें पेढीवर फिरकतच नाहीं. समितीची बैठक कागदावर होते, सह्या घरोघरीं हिंडून घेतल्या जातात, आणि मग तोच भागीदार पेढीचें दिवाळें निघाल्याचें चहाच्या दुकानांत सांगत बसतो.

सुशिक्षित व सुखवस्तु घरें शाळेंतून निघून गेलीं म्हणजे पटाबरोबर आणखी एक वस्तु जाते, आणि ती म्हणजे जाब विचारणारा आवाज. वेचणीच्या दिवसांत पहाटे शेतावर जाणारी मजूर आई बैठकीस येऊं शकत नाहीं, आली तरी, "गणिताचें पद दोन वर्षें रिकामें कां?" असें साहेबांस विचारण्याचा धीर तिला होत नाहीं. तिचें मूल मात्र त्याच वर्गांत बसलेलें असतें. शाळेची पत बुडाल्याचा तोटा ज्यांनीं ठेव काढून घेतली त्यांस होत नाहीं; ज्यांस दुसरी पेढीच नाहीं त्यांस होतो.

आणि या तोट्याचा मोठा वांटा मुलींच्या पदरीं पडतो. एकाच घरांतील मुलगा गाडीनें इंग्रजी शाळेंत जातो आणि मुलगी पायीं फुकटच्या शाळेंत जाते, हें दृश्य आमच्या गांवांत नवें नाहीं. "तिला काय, दहावीपर्यंत शिकली म्हणजे झालें," असें म्हणणारीं घरें अजून आहेत, आणि तीं सर्वच गरीब नाहींत. जी शाळा मुलास चालत नाहीं ती मुलीस कशी चालते, याचें उत्तर अशा बापांनीं स्वतःस द्यावें. दोन मापें ठेवणाऱ्या दुकानदारास बाजार माफ करीत नाहीं. घरांतील दोन मापांस मात्र आपण रीत म्हणतों. शाळा वाईट असेल तर ती दोघांसही वाईट. चांगली असेल तर दोघांनींही तेथें जावें. आणि जवळची शाळा उद्यां बंद झाली, तर गाडीभाडें भरून दूर पाठविला जाईल तो मुलगाच. मुलीचें शिक्षण सहावीच्या उंबरठ्यावर संपेल. ज्या घरांत मुलगी आहे, त्या घरानें तरी जवळच्या शाळेविषयीं उदासीन राहूं नये.

कोणी म्हणेल, "गांव सुधारण्यासाठीं मीं माझ्या पोराचीं तीन वर्षें पणास लावूं काय?" हा आक्षेप खरा आहे, आणि उपदेशानें तो उडवून लावतां येत नाहीं. सहावी ते आठवी हीं वर्षें पुन्हां येत नाहींत. पारख करून शाळा खरोखर वाईट ठरली, तर आईबापांनीं मूल दुसरीकडे घालावें; त्यांस आम्ही दोष देणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पारख आधीं करावी आणि एकट्यानें करूं नये. एका गल्लींतील पांच-सात घरांनीं मिळून शाळा पाहावी, उणें काय तें लिहून काढावें, आणि सर्वांनीं मिळून घालावयाचें किंवा न घालावयाचें तें ठरवावें. एकट्या मुलाचा पालक अर्जदार ठरतो. सात मुलांचे पालक एकत्र गेले तर मुख्याध्यापक खुर्ची देतात आणि शिक्षणाधिकारी पत्राचें उत्तर देतात. धोका वांटून घेतला म्हणजे हलका होतो, हें व्यापाऱ्यांस ठाऊक आहेच.

नगरपरिषदेच्या व शिक्षणखात्याच्या कारभाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ऑगस्ट २०१५ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें, सरकारी नोकर व लोकप्रतिनिधि यांचीं मुलें सरकारी प्राथमिक शाळेंतच शिकावीं अशी व्यवस्था करण्यास उत्तर प्रदेश सरकारास सांगितलें होतें. प्रत्यक्षांत तें उतरलें नाहीं. आम्ही सक्तीची मागणी करीत नाहीं. परंतु जो सभासद शाळेच्या इमारतीच्या रंगरंगोटीचें उद्घाटन करतो, त्याचें नातवंड त्या इमारतींत कां बसत नाहीं, हें विचारण्याचा करदात्यांस हक्क आहे. रंगापूर्वीं रिकामें पद भरावें; फलकापूर्वीं संडासास पाणी द्यावें; आणि दर जुलैमध्यें पदें, हजेरी व खर्च यांचा तक्ता शाळेच्या दारावर लावावा. उघड्या खातेवहीइतकी पत दुसऱ्या कशानेंही वाढत नाहीं.

एक इशारा आजच देऊन ठेवतों. उद्यां शाळेचें नांव वर आलें, तर ज्यांनीं ती सोडली होती तेच प्रवेशासाठीं आधीं रांग लावतील, आणि "चांगलीं मुलें निवडून घ्या" असा आग्रह धरतील. कायद्याच्या तेराव्या कलमानें प्रवेशासाठीं मुलांची वा आईबापांची चाळणी लावण्यास बंदी आहे. पडत्या काळांत ज्या मजुरांच्या व पारध्यांच्या मुलांनीं पटावर राहून ती शाळा जिवंत ठेवली, त्यांस तिच्या चांगल्या दिवसांत दाराबाहेर उभें करणें हा निव्वळ कृतघ्नपणा होईल. समितींत बसणाऱ्या पालकांनीं याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें.

शाळा उघडण्यास अवकाश थोडा आहे. ज्यांच्या घरीं पांचवी झालेलें मूल आहे, त्यांनीं या आठवड्यांत दोन घरांस बरोबर घेऊन जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावें, व्यवस्थापन समितीच्या सभासदांची यादी मागावी, आणि पुढची बैठक केव्हां आहे तें विचारून वहींत लिहून ठेवावें. त्यानंतर शेजारी काय म्हणतात तें खुशाल ऐकावें.